पुसाचा पाच, वैशाखाचा तीस

आमच्या पिकअपच्या इंजिनात कोणतं ऑइल टाकायचं, हे आम्ही मतदानाने ठरवलं. दहा हात वर, एक खाली. त्या दहांतला एक हात माझा होता, आणि गाडी मीच चालवते. तो हात मी का वर केला ते वेळ आली की सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही मला बावळट म्हणाल. नंतरही म्हणालच, पण तोवर निदान सगळं ऐकून झालेलं असेल.

चिचगडच्या पुढे जंगलाला खेटून आमचं गाव आहे. गावात अकरा बायांचा बचत गट. हिवाळ्यात आम्ही लाखोरीची पालेभाजी, वांगी, वालाच्या शेंगा बाजारात नेतो, उन्हाळ्यात मोह वेचतो. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. तिचं तेल काढतो, घरी खातो, अंगाला लावतो, उरलेलं विकतो. या सगळ्याची ने-आण करायला एका योजनेतून गटाला नवीकोरी पिकअप मिळाली. गाडी दारात आली त्या दिवशी अकरा जणींपैकी लायसन एकीकडेच होतं. माझ्याकडे.

माझं माहेर मुर्रीचं, गोंदिया शहराला अगदी लागून. त्यामुळे मला हिंदी येते, दहावीपर्यंतचं इंग्रजी येतं आणि चारचौघांत भांडायची लाज वाटत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी मी देवरीला जाऊन गाडी शिकले, तेव्हा गावाला चार दिवस दुसरा विषय नव्हता. नवरा म्हणाला, "शिक, पन घराची भिंत पाडू नको." मी घराची पाडली नाही. गोठ्याची पाडली, आणि ती तशीही पडायला आलीच होती.

लोकांना वाटतं, बाईला गाडीची हौस म्हणजे मिरवायची हौस. मिरवायला काय, भाजीच्या पोत्यांसोबत कोण मिरवतं? खरी गोष्ट अशी की मी जन्मभर कोणाच्या तरी मागे बसून बाजाराला गेले. आधी बापाच्या सायकलच्या कॅरिअरवर, मग नवऱ्याच्या मोटारसायकलवर, नाहीतर बसमध्ये उभी, दुसऱ्याच्या काखेत डोकं घालून. चिचगड ते देवरी हा रस्ता मला पाठ होता, पण फक्त बाजूने. स्टिअरिंगवर बसले तेव्हा तो पहिल्यांदा समोरून दिसला. मला रडू आलं. बाजूला शिकवणारा माणूस बसला होता, त्याला वाटलं मी घाबरले, आणि त्याने ब्रेक दाबला.

तर गाडीची चाबी अशी माझ्याकडे आली. तिच्यावर डोळा होता अध्यक्षबाईंच्या दिराचा. तो बरीच वर्षं ट्रॅक्टर चालवतो, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला जगातली सगळी वाहनं आपलीच वाटतात. त्याने गटासमोर येऊन सांगितलं की बायका क्लच जाळतात, इंजिन जाम करतात आणि मग रडतात. अध्यक्षबाई दोन्हीकडून अडकल्या. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. पहिलं वर्ष चाबी माझ्याकडे. पण त्या वर्षात एका जरी बाजाराच्या दिवशी गाडी उभी राहिली, तर चाबी दिराकडे. ठराव मांडला, हात वर झाले, सचिवबाईंनी वहीत लिहिलं.

तेव्हापासून दिराने एक नेम धरला. दर बाजाराच्या दिवशी पहाटे तो आमच्या शेडसमोर येऊन बसायचा आणि मी गाडी चालू करते का ते बघायचा. हिवाळ्यात शेकोटीचं निमित्त असायचं. उन्हाळ्यात शेकोटी नसायची, तरी बसायचा.

आमच्या गटात सगळं हात वर करून ठरतं हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मिरची कोणती घ्यायची, पोती कुठून आणायची, बैठकीला चहा द्यायचा की नाही, सगळं. प्रत्येक ठराव वहीत, आणि कोणी विरोध केला तर कारणासकट. विरोध करणारी कायम एकच. आम्ही तिला बुढीमाय म्हणतो. गोंड घरातली, वयाने सगळ्यांत मोठी, किती मोठी ते तिलाही माहीत नाही. टोरीचं तेल काढावं तर तिनेच. तिने गट स्थापन करायलाही विरोध केला होता. मग गट झाल्यावर पहिली सभासद तीच झाली, म्हणाली, "विरोध कराले आतमधी पायजे ना कोनीतरी."

गाडीची पहिली सर्व्हिस गोंदियाच्या शोरूममध्ये झाली. दुसऱ्या वेळी वैशाख होता, मोहफुलं नुकतीच आटोपली होती, आणि ऑइल बदलायला गोंदियापर्यंत जाऊन अख्खा दिवस मोडायची कोणाची तयारी नव्हती. मी देवरीच्या मिस्त्रीकडे गेले. माणूस भला. त्याने तेलकट हाताने बोनट थोपटलं आणि सांगितलं, "बहनजी, शोरूमवाले पाँच-तीस डालते हैं. पानी है वो, पानी. यहाँ की गर्मी में बीस-पचास डालो. मक्खन चलेगा इंजिन." त्याने एका बाटलीत नमुनाही भरून दिला. मी म्हटलं, गटाला विचारून सांगते. मिस्त्री हसला. ऑइलसाठी अकरा जणांना विचारणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

बैठकीत दोन वाट्या मांडल्या. एकीत शोरूमच्या उरलेल्या डब्यातलं पाच-तीस, दुसरीत मिस्त्रीचं वीस-पन्नास. आता टोरीच्या तेलाची पारख आम्ही कशी करतो ते सांगायला हवं. चिमटीत घ्यायचं, चोळायचं, बोटं उघडून तार बघायची. दाट आणि चिकट असेल तर अस्सल. पातळ असेल तर कोणीतरी त्यात काहीतरी मिसळलंय. आमच्या आया-सासवांनी हेच केलं, आम्ही हेच केलं, आणि तीच बोटं आम्ही इंजिन ऑइलमध्ये बुडवली.

"हे त पानी आहे वो," एकजण पाच-तीस चोळत म्हणाली.

"रॉकेल मिसळलं आहे यात. वास घे."

"शोरूमवाला फसवते बायांना."

वीस-पन्नासच्या वाटीत बोट घालून सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने तर बोट तोंडाजवळ नेलं, मी वेळेवर हात धरला. मग सचिवबाईंनी ठराव वाचला: गाडीत दाट ऑइल टाकावे. हात वर झाले. मी आधी बाकीच्यांकडे पाहिलं, मग माझाही वर केला.

बुढीमायचा हात मांडीवर होता. सचिवबाईंनी सवयीने पेन उघडून विचारलं, "कारण?"

"आता वैसाख आहे," बुढीमाय म्हणाली.

"मंग?"

"मंग काही नाही. वैसाखात सारंच पातर राहते. पुसात इचारा."

पूस म्हणजे पौष, आमच्याकडचा सगळ्यांत गारठ्याचा महिना. वैशाखातल्या दुपारी, टिनाच्या शेडखाली घामाने निथळत बसलेल्या बायांना पुसाची आठवण करून दिली तर त्या हसणारच. हसल्या. सचिवबाईंनी लिहिलं: एका सदस्येचा विरोध. कारण, वैशाख.

उन्हाळा झकास गेला. इंजिनाचा आवाज खरंच दबला. देवरीच्या चढावर गाडी जरा जड वाटायची आणि डिझेल थोडं जास्त प्यायची, पण मी त्याला उन्हाचं निमित्त लावलं. मग पावसाळा आला, धानाची रोवणी झाली, गाडी खताची पोती वाहत राहिली. दिवाळीला तिच्या बोनटला झेंडूची माळ घातली. सगळ्या म्हणाल्या, पाहा, दाट ते दाटच.

मग थंडी पडली. आमच्याकडे जंगल आणि तलाव दोन्ही जवळ, त्यामुळे थंडी अशी पडते की पहाटे गाईच्या तोंडातूनही वाफ निघते. पहिल्या दिवशी सेल्फ मारला तेव्हा इंजिन नेहमीसारखं फिरलं नाही. घर्र, थांबलं. घर्र, थांबलं. तिसऱ्यांदा चालू झालं, पण ऑइलची लाल बत्ती लगेच विझेना आणि आतून टकटक असा आवाज आला. शेकोटीपाशी बसलेल्या दिराने हात चोळायचे थांबवले.

पुढच्या बाजाराला पाच वेळा सेल्फ मारावा लागला. त्याच्या पुढच्याला सात. मिस्त्री म्हणाला बॅटरी. बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला ठेवली, फरक नाही. मी बोनटवर पोती टाकायला लागले, वर जुना रग. नवरा म्हणाला, "मले पन्नास वर्षांत रग नाही पांघरवला कोनी." एकीने बाळंतिणीला देतात तसा इंजिनाला शेक द्यायचं सुचवलं. सुचवून थांबली असती तर ठीक. ती खरोखर घमेल्यात निखारे घेऊन आली आणि डिझेलच्या टाकीखाली सरकवायला वाकली. मी अशी किंचाळले की शेजारच्या गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली.

त्या दिवसांत माझं जेवणावर लक्ष नव्हतं. चाबी कमरेला खोचलेली असायची, मी उगीच तिच्यावर हात ठेवून बघायची. आणि माझं डोकं आधीच गरम, ते आणखी तापायला लागलं. भाजी विसकटली की ओरडायची, चहा गार झाला की ओरडायची. दिराकडे पाहून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण तो काही बोलायचाच नाही. नुसता बसायचा.

पूस लागला आणि चौथ्या की पाचव्या दिवशी गोंदियाचा बाजार आला. लाखोरीची भाजी आदल्या दिवशी खुडलेली, गाडी भरलेली. लाखोरी एक दिवस राहिली की पिवळी पडते, मग ढोरंही मान फिरवतात. मी पहाटे रग काढला, पोती काढली, देवाचं नाव घेतलं आणि चाबी फिरवली. घर्र. पुन्हा. घर्र. मग अर्धंच. मग नुसतं टिक. बॅटरी संपली.

दीर उठला. धोतरावरची राख झटकली असती तर शोभलं असतं, पण त्याने पॅन्ट घातली होती. सावकाश चालत खिडकीशी आला आणि हात पुढे केला.

"वहिनी, चाबी आना."

आवाजात राग नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. मी काच वर केली. मग काच पुन्हा खाली केली, कारण मला बायांना हाक मारायची होती. "धक्का मारा!" मी ओरडले. "सगळ्या या! मागून!"

आमच्या शेडपासून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, उतार आहे. उताराच्या टोकाला रस्ता उजवीकडे वळतो, आणि जी गाडी वळत नाही ती तलावात जाते. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकही नीट लागत नाही, हे मला ठाऊक होतं. बायांना नव्हतं, म्हणून त्या हसत हसत पदर खोचून आल्या. अध्यक्षबाईही आल्या. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबला. गाडी हलली, मग पळायला लागली. मी क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि इंजिन जागचं हललं नाही. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. समोर तलावावरचं धुकं दिसत होतं. तिसऱ्या वेळी इंजिनाने खोकला काढला, धूर सोडला आणि चालू झालं. मी वळण घेतलं तेव्हा उजव्या हाताची नस चढली होती. आरशात पाहिलं तर दोघी रस्त्यावर पडल्या होत्या, बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या.

इंजिन चालू ठेवून मी जरा थांबले, तोच दीर मागून पळत आला. त्याला दम लागला होता. "धक्का लागला म्हनजे उभीच राहिली ना, वहिनी. ठराव आहे."

"भाजी विकून आल्यावर बोलू," मी म्हटलं आणि निघून गेले. गोंदियापर्यंत इंजिन बंद केलं नाही. बाजारातही नाही. व्यापारी म्हणाला, "बाई, बंद तो करो, आवाज हो रहा है." मी म्हटलं, "आपको भाजी चाहिए या शांती?"

रविवारी सकाळी आठला बैठक ठरली. उशिरा ठेवली तर सगळ्या शेतावर जातात. विषय एकच: चाबी. शनिवारी संध्याकाळी बुढीमाय माझ्या दारात आली. म्हणाली, "ते दोन्ही तेल दे. थोडं थोडं." मी कारण विचारलं नाही, माझं कशातच मन नव्हतं. तिने दोन वाट्या भरून नेल्या.

रविवारी ती बैठकीला आली ती डोक्यावर परात घेऊन. परातीत तीन वाट्या, रात्रभर तिच्या अंगणात उघड्यावर ठेवलेल्या. तिने त्या मधोमध मांडल्या. पहिलीत टोरीचं तेल होतं, ते तुपासारखं पांढरं थिजलं होतं. हे आम्हाला नवं नाही. पुसात टोरीचं तेल चुलीपाशी ठेवल्याशिवाय पळीत येतच नाही, लहान पोरींनाही माहीत आहे.

"हे पाहा," बुढीमाय म्हणाली आणि दुसरी वाटी तिरपी केली. वीस-पन्नास. ते वाटीच्या काठापर्यंत आलं, पण जणू त्याची यायची इच्छा नव्हती. मग तिसरी वाटी तिरपी केली. पाच-तीस झरकन वाहून परातीत सांडलं. "वैसाखात बोटं घातले ना? आता घाला."

एकेकीने बोट घातलं. हसली कोणी नाही. जी वैशाखात "पानी आहे वो" म्हणाली होती, तिने वीस-पन्नासच्या वाटीतून बोट काढलं आणि ते बराच वेळ पदराला पुसत राहिली.

"इंजिन सकाळी असंच थंडं राहते," बुढीमाय म्हणाली. "त्याच्या पोटात हे जाम बसलं आहे. कसा फिरन तो?"

मी गाडीचं पुस्तक सोबत आणलं होतं. ते काढलं आणि ऑइलचं पान उघडून वाचून दाखवलं. पाच, मग इंग्रजी डब्ल्यू, मग तीस. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा ऑइल थंडीत किती दाट होतं त्याचा, जितका लहान तितकं ते गारठ्यातही वाहतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर किती दाटपणा टिकतो त्याचा. आमच्या इंजिनाला तापल्यावर तीसच पुरतो, त्याच्या आतल्या फटी तेवढ्याच बारीक आहेत. वीस-पन्नास त्या पानावर नव्हतंच.

"म्हनजे पहिला आकडा पुसाचा," बुढीमाय म्हणाली, "आन् दुसरा वैसाखाचा." झालं. मी दहावी शिकले, पुस्तक वाचलं, आणि मला हे इतक्या सोप्या शब्दांत सुचलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी दाराबाहेर उभ्या असलेल्या दिराला हाक मारली. "भाऊ, ऑइलच्या डब्यावर पहिला आकडा राहते तो कायचा?"

"कंपनीचा," दीर म्हणाला.

"आन् दुसरा?"

"तो बी कंपनीचाच. नंबर राहते त्यायचा."

अध्यक्षबाईंनी मान खाली घातली. तरी ठराव तो ठराव, तो मांडावा लागला: गाडी उभी राहिल्यामुळे चाबी काढून घ्यावी. माझं मत धरायचं नव्हतं. दिराचा विषय म्हणून अध्यक्षबाईंनीही मत दिलं नाही. उरल्या नऊ. बाजूने चार हात वर झाले, त्यातल्या तिघी अध्यक्षबाईंच्या भावकीतल्या. चौथीचं मला आजवर कळलेलं नाही. विरोधात चार हात. बुढीमायचा हात दोन्ही वेळेला मांडीवरच.

गट झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. सचिवबाई पेन उघडून बसल्या. मला वाटलं होतं, बुढीमाय सवयीने विरोध करेल आणि मी वाचेन. ती माझ्याकडे वळली.

"हे पुस्तक तू कधी वाचलं?"

खोटं बोलायला एका शब्दाची गरज होती. काल. काल वाचलं म्हटलं असतं तर कोणी तपासणार नव्हतं.

"गाडी आली त्या महिन्यात," मी म्हटलं. "गोंदियाच्या बाजारात माल उतरवून होईस्तोवर बसून राहायची, तेव्हा."

"मंग वैसाखात तुले मालूम होतं."

"आकडा मालूम होता. पाच-तीस. मतलब नीट समजला नव्हता, पन पुस्तकात पाच-तीस लिहिलं आहे हे मालूम होतं."

"मंग हात कायले वर केला?"

आता ती वेळ आली जी मी सुरुवातीला टाळली. मी सांगितलं. सगळ्यांचे हात वर होते. मी नाही म्हटलं असतं, आणि मग गाडीला काही झालं असतं, तर सगळ्या म्हणाल्या असत्या, हिनेच पातळ ऑइल टाकायला लावलं, हिला काय समजतं. चाबी गेली असती. दाट टाकलं आणि बिघडलं तर चूक सगळ्यांची, एकटीची नाही. "मले भेव वाटला," मी म्हटलं. "चाबीचा भेव वाटला. चाबीसाठी मी गाडीले आजारी पाडलं." एवढं बोलले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चारचौघांत भांडणारी बाई मी, आणि परातीतल्या ऑइलकडे पाहत रडत बसले.

बाहेर दीरही ऐकत होता. त्याला याहून चांगलं काय हवं होतं? बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. मी कमरेची चाबी काढून समोर ठेवली, कारण मागितल्यावर देण्यापेक्षा आपणहून दिली तर तेवढी तरी इज्जत राहील असं वाटलं.

बुढीमायने ती उचलली. उलटीसुलटी करून पाहिली. तिने आयुष्यात गाडीची चाबी पहिल्यांदाच हातात धरली असावी.

"काल वाचलं म्हनली असती," ती म्हणाली, "त मी हात वर केला असता. तेल काढनारी आहो मी. खोटं मले बोटाले समजते." मग सचिवबाईंना म्हणाली, "लिही. विरोध."

"कारण?"

"खरं बोलली."

सचिवबाईंनी तसंच लिहिलं. चार विरुद्ध पाच. बुढीमायने चाबी माझ्याकडे टाकली, पण हातात नाही, परातीत. ती ऑइलमध्ये पडली आणि मला दोन दिवस पुसत बसावं लागलं.

पुढच्या बाजाराआधी ऑइल बदललं. जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, पाच-तीस भरलं. मिस्त्री मान हलवत होता, पण मी या वेळी कोणालाही विचारलं नाही. पहाटे थंडी तीच होती, धुकं तेच होतं. बोनटवर रग नव्हता. चाबी फिरवली आणि इंजिन पहिल्याच सेल्फला चालू झालं, इतक्या लवकर की मी दचकले. लाल बत्ती लगेच विझली. दीर शेकोटीपाशी बसलेला होता. त्याने एक लाकूड आत सरकवलं, मग दुसरं सरकवलं. चार-पाच दिवसांनी बाजारातून परत येताना त्याने मला रस्त्यात थांबवलं आणि दुसरीकडे पाहत विचारलं, "वहिनी, टॅक्टरच्या पुस्तकात कोनत्या पानावर राहते ते?" त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी पान शोधून दिलं. उपकार म्हणून नाही, ट्रॅक्टर बिचारा त्याच्या हातात होता म्हणून.

मग वैशाख आला. वर्ष संपलं होतं, अट संपली होती, आणि ऑइल पुन्हा बदलायची वेळ आली होती. बैठक शेडमध्येच, टिनाखाली, सगळ्या घामाने चिंब. कोणीतरी सवयीने वाट्या आणायला उठली. सचिवबाईंनी तिला बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनतं?"

मी नेहमीसारखी आजूबाजूला पाहणार होते. कोणाचा हात कुठे आहे, कोणाची मान कुठे आहे. दहा जणी माझ्याकडेच पाहत होत्या.

"पाच-तीस," मी म्हटलं.

सचिवबाईंनी लिहिलं. मग त्या बुढीमायकडे वळल्या आणि पेन कागदावर टेकवून थांबल्या, जशा इतकी वर्षं थांबत आल्या. बुढीमाय पदराने वारा घेत होती. काही बोलली नाही. सचिवबाईंना वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही.

"बुढीमाय, ऑइलचा ठराव आहे. विरोध लिहू का?"

"आयकलं मी."

"मंग?"

"नाही विरोध."

सचिवबाईंचं पेन तसंच राहिलं. या वहीत असं कधी लिहायची वेळ आली नव्हती, आणि त्यांना नियम एवढाच माहीत होता की बुढीमायच्या नावापुढे कारण लागतं. त्यांनी विचारलं, "कारण काय लिहू?"

बुढीमायने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लिही," ती म्हणाली, "तिले मालूम आहे."